दाजींना लाईनला जाऊ द्यावं का?

ताई, तुमचं म्हणणं मला असं कळलं. नवरा कागलकडच्या एका गावातून पिकअप चालवतो, वय एकतीस, रोज रात्री घरी येतो, हातात अठरा हजार पडतात. आता शिरोलीतल्या एका गाडीमालकानं दहा टायरी ट्रकवर, म्हणजे लाईनला (बाहेरगावच्या मालवाहतुकीला) बोलावलंय, पगार-भत्ता धरून तीसच्या वर जाईल म्हणतोय. मुलगी तीन वर्षांची. आणि तुमची खरी भीती शेवटच्या दोन ओळींत आहे. "ह्यांचा स्वभाव बोलका, दोन मिनिटांत कुणाशीही दोस्ती होते. असा माणूस लाईनला बिघडतो असं सगळे सांगतात. मी आडवी येऊ का?"

मी १९९६ साली क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, चार वर्षांनी स्टेअरिंग हातात आलं, २०११ पासून स्वतःची एक गाडी आहे. घर उचगावात. आई, बायको, दोन पोरं. आणि बोलण्याचं म्हणाल तर मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर माझी गाडी चढली की मागचे ड्रायव्हर आधीच हॉर्न मारायला लागतात, हा आता काटेवाल्याशी गप्पा मारत बसणार म्हणून. म्हणजे मी तुमच्या घरधन्याच्याच पंथातला. तुम्हाला ताई म्हटलं म्हणजे ते माझे दाजी झाले, म्हणून जरा मोकळं लिहितो.

बिघडण्याची भीती मला कमी वाटते. दारू, पत्ते, बाया हे सगळं लाईनला आहे, खोटं कशाला बोलू. पण एवढ्या वर्षांत जे घसरलेले बघितले त्यांत घुमे जास्त होते. गाडी कुठं लावतो, कुणाबरोबर जेवतो, कुणालाच पत्ता नाही. बोलक्या माणसाला हे जमत नाही, कारण त्याला प्रत्येक धाब्यावर कुणीतरी ओळखतंय. मी एकदा श्रावणात निपाणीच्या पुढं एका धाब्यावर मटण खाल्लं. घरी पोचलो तर आईनं दारातच विचारलं, "रस्सा तांबडा होता का पांढरा?" बातमी गाडीच्या आधी पोचली होती. तंबाखूचं मात्र सांगता येत नाही. रात्री जागायला म्हणून सुरू होते आणि मग सुटत नाही. माझीही सुटलेली नाही.

मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. लाईनचा माणूस हळूहळू स्वतःच्या घरात पाहुणा होतो, आणि बोलका असला की त्याला ते कळतच नाही, कारण त्याला वाटतं आपलं सगळ्यांशी चांगलं चाललंय.

२००८ ची गोष्ट. थोरला चार वर्षांचा, बालवाडीत. मी गुजरातला गूळ टाकून अकराव्या दिवशी घरी आलो, आंघोळ केली आणि हौसेनं त्याला आणायला गेलो. बाईंनी दारातच अडवलं. "आपण कोण?" म्हटलं, वडील. त्यांनी मला कधी बघितलेलंच नव्हतं, आणि पोर असं कुणाच्याही हातात देणार नाही म्हणाल्या, ते बरोबरच होतं. त्यांनी पोराला पुढं घेतलं आणि विचारलं, "बाळ, हे कोण आहेत?" त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि सांगितलं, "हे आमच्यात येत्यात."

मदतनीस मावशी तोंडावर पदर घेऊन हसली. मीही हसलो. रात्री बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला, तर ती हसली नाही. ताट उचलून आत गेली. त्या रात्री मला जरा डोकं आलं.

तेव्हा तुमचा प्रश्न मी असा फिरवून घेतो. दाजी दहा टायरीवर गेले तर महिन्यात किती रात्री घरी असतील, आणि त्या ठरलेल्या असतील का? पगाराचा आकडा मी यानंतर बघेन. याचं उत्तर मालक कोणत्या लाईनवर गाडी फिरवतो यावर आहे, त्यामुळं मी इथून हो-नाही सांगू शकत नाही. पण लाईनीलाईनीतला फरक सांगतो.

शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावातून कास्टिंग (फौंड्रीतले ओतीव भाग) भरून पुणे-चाकण मारणारी गाडी असेल तर संध्याकाळी भरायची, रात्री सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जायचं, सकाळी खाली करायची आणि परतीचा माल मिळाला की माघारी. दीड-दोन दिवसांचं चक्र. दिवसा झोप, रात्री गाडी, पण माणूस घरी दिसतो. फौंड्रीला लागणारी सिलिका वाळू कासार्ड्याकडनं आणणाऱ्या गाड्या तर पुष्कळदा त्याच दिवशी परत येतात. फक्त रस्ता घाटाचा आणि नव्या माणसाला जड. न्हावाशेवा बंदराचं काम असेल तर अंतर फार नाही, पण रांगेत उभं राहण्यात दिवस जातो. गुजरातची गुळाची फेरी आठ दिवसांची धरा. तिकडनं मोरबीच्या टाईल्स वगैरे परतीचं भाडं लगेच लागलं तर सहा, नाही लागलं तर दहा. आणि उत्तरेकडं दिल्ली-पंजाब म्हणाला तर पंधरा-वीस दिवस विसरायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अंतर जास्त म्हणून दिवस जास्त. तसं नसतं. गाडी चालते ते तास कमीच असतात. जातो तो वेळ उभं राहण्यात. खाली करायला हमाल नाहीत, पार्टीचं गोडाऊन बंद आहे, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) सही करणारा माणूस जेवायला गेलाय, परतीचं भाडं उद्या लागेल असं दलाल तीन दिवस सांगतोय. ड्रायव्हर म्हातारा होतो तो याच उभ्या वेळात. म्हणून मालकाला विचारायचा प्रश्न एकच: "परतीचा माल ठरलेला आहे का शोधायचा?" ठरलेला असेल तर त्यांचे घरी यायचे वारही ठरलेले असतील. शोधायचा असेल तर नाहीत.

आणि हंगाम. गुळाचं काम दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांनंतर जोर धरतं आणि उन्हाळ्यात ओसरतं. पावसाळ्यात भाडी पडतात, तेव्हा माणूस घरी जास्त आणि पैसे कमी. वर्षभर तीस हजार धरून कर्ज काढू नका.

आता बोलक्या स्वभावाचं. रस्त्यावर हे भांडवल आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि जवळपास आठवडाभर वाहतूक बंद राहिली. मी पुण्याकडनं येत होतो, किणी टोलनाक्याच्या अलीकडं अडकलो. उचगाव तिथनं तास-अर्ध्या तासावर, आणि सहा दिवस घरी जाता येईना. माझ्या पुढं केरळचा, मागं राजस्थानचा. कुणाचा गॅस, कुणाचा तांदूळ, कुणाची डाळ करून आम्ही नऊ जणांनी एकच चूल मांडली. शेजारच्या गावातली पोरं भाकरी-पिठलं आणून द्यायची, त्यांच्या घरात पाणी शिरायची वेळ आलेली तरी. एकटा गप्प बसणारा एक ड्रायव्हर चौथ्या दिवशी रडायला लागला, त्याला ओढून आमच्यात बसवला. त्या नऊ जणांतल्या एकानं पुढं चेन्नईत मला दोनदा परतीचं भाडं मिळवून दिलं. तेव्हा दाजींचा स्वभाव बदलायला जाऊ नका.

पण त्या स्वभावाला दोन भोकं आहेत. पहिलं खिशाला. मालक फेरीला भत्ता देतो, त्यातनं जेवणखाण, चहा, किरकोळ पंक्चर, कुठं वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) द्यायला लागली तर ती. उरलेलं ड्रायव्हरचं. घुम्याचे पाचशे उरतात, बोलक्याचे उलट उसने होतात, कारण चहाचं बिल नेहमी बोलणाराच देतो. वर कुणी "भत्ता संपला, पुढच्या फेरीला देतो" म्हटलं की याचा हात खिशात. माझे असे किती गेले त्याचा हिशोब बायकोनं एका डायरीत ठेवलाय, मी ती उघडत नाही. तुम्ही मालकाकडनं एवढंच पक्कं करून घ्या की पगार बँकेत जमा होईल. भत्ता त्यांच्या खिशात, पगार खात्यात, आणि खात्याचं कार्ड घरात. भत्त्यातनं उडवले तर उडवू दे. एवढं सोडायला लागतं.

दुसरं भोक बोलण्यालाच. माणूस आठ दिवस रस्त्यावर सगळ्यांशी बोलून घरी येतो आणि घरात गप्प होतो. पूर्वी शेजारी क्लीनर असायचा. आता कित्येक गाड्यांवर एकटा ड्रायव्हर, आणि कानात इअरफोन घालून रात्रभर चार-पाच जणांचा ग्रुप कॉल. जागायला बरं पडतं म्हणतात. मला पटत नाही, हात स्टेअरिंगवर असला तरी डोकं दुसऱ्याच्या गाडीत असतं. दाजींना सांगा, बोलायचं तर गाडी बाजूला घेऊन बोला. आणि घरी आल्यावर बोलले नाहीत तर पहिल्या दिवशी वाईट वाटून घेऊ नका. अंगातली गाडी थांबायला एक झोप लागते. दुसऱ्या दिवशी सकाळीही गप्प असतील तर मात्र विचारा.

फोनवर बोलताना तुमच्याकडनं एक गोष्ट हवी. "किती वाजता येताय?" हे विचारू नका. २००९ साली धाकटीचं बारसं होतं. बायकोचे दोन फोन, आईचा एक, सगळ्यांचा तोच प्रश्न, आणि मी शब्द दिला होता सकाळी आठला पोचतो. तासवडे टोलनाका सोडला, पहाटेचे चार, रस्ता सरळ, गार वारा. पुढचं मला आठवतंय ते क्लीनरचं ओरडणं आणि उजव्या बाजूला घासत चाललेला डिव्हायडर. गाडीत सोळा टन माल होता. थांबलो, खाली उतरलो तर गुडघे उभे राहीनात. उजव्या बाजूचा हौद्याचा पत्रा सोलून निघाला होता. बारशाला दुपारी एकला पोचलो, पोरीचं नाव ठेवून झालं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरी प्रश्न बदलला: "कुठं थांबलाय?" चालत असलो तर मी फोन उचलतच नाही, उचलला म्हणजे थांबलोय. येतो तेव्हा येतो. १९६१ चा मोटार कामगारांचा कायदा दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. रस्त्यावर तो कुणी पाळला नाही, पण घरच्यांनी घाई केली नाही तरी बरंच साधतं.

आता मालकाला होकार देण्याआधीच्या कागदांचं पटकन सांगतो. दाजींचं लायसन काढून बघा. पिकअपला हलक्या वाहनाचं चालतं. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला तेवढं पुरतं, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. दहा टायरीला ते चालणार नाही, जड वाहनाचं लागेल. काही मालक "नंतर काढू, आधी गाडी घे" म्हणतात. नाही म्हणायचं. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिलं लायसन बघते. गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरचा हप्ता भरलाय का तेही विचारा. पॉलिसीतला पंधरा लाखांचा अपघात विमा गाडीमालक स्वतः चालवत असेल तर त्याचा, नोकरीवरच्या ड्रायव्हरचा नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तुमच्या बाजूनं बँकेतला वर्षाला वीस रुपयांचा दोन लाखांचा अपघात विमा आहे, तो आजच घ्या. अपघात झाला तर दहा वर्षं जेल, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. ज्या कलमावरून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या ते हे. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली तेव्हा तेवढं उपकलम बाजूला ठेवलं गेलं. त्याच्या भीतीनं झोप घालवू नका.

आणि पिकअपवरनं थेट दहा टायरीवर एकट्यानं बसायचं नाही. पिकअपचा ब्रेक पायात असतो, भरलेल्या गाडीचा गिअरमध्ये. २०१८ पासून दहा टायरीला मालासकट साडेअठ्ठावीस टन पासिंग, म्हणजे वजनाची परवानगी, आहे. तेवढं वजन उतारावर नुसत्या ब्रेकवर धरलं की ब्रेकचे लायनर तापतात, वास येतो, आणि मग पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही. कात्रजकडनं नवले पुलाकडं उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग आहेत, तिथले अपघात तुम्ही टीव्हीवर बघितले असतील. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे अंगात मुरायला जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी दोन महिने बसायला लागतं. मालक तेवढे दोन महिने द्यायला तयार असेल तर माणूस बरा समजा.

ह्या सगळ्यानंतर घराकडं येतो, कारण पाहुणा होण्यात घराचाही हात असतो. माझी आई एकदा न्हाणीत घसरून पडली, हात मोडला. मी बेळगावच्या पुढं होतो. बायकोनं चार दिवस सांगितलं नाही, "गाडीवर टेन्शन नको" म्हणून. मी रोज फोनवर आईला विचारायचो, जेवलीस का, आणि ती प्लास्टरातल्या हातानिशी "जेवले" म्हणायची. घरी आल्यावर कळलं. बायकोचं मन चांगलं होतं, पण त्या चार दिवसांत माझ्यावाचून सगळं झालं, दवाखाना झाला, पैसे झाले, आणि मी कुठंच नव्हतो. तेव्हा दाजींना सांगत जा. गाडी थांबलेली असताना सांगा, पण सांगा.

आणि एक काम असं ठेवा जे त्यांनीच करायचं, कुठूनही. आमच्यात आईच्या बीपीच्या गोळ्या माझ्याकडं आहेत. मी मोरबीत असलो तरी महिन्याच्या पंचवीस तारखेला मेडिकलवाल्याला फोन करतो, तो पोरगा दोस्तच आहे, गोळ्या घरी पोचतात. आई सगळ्यांना सांगते, गोळ्या ल्योक बघतो. बारीक काम आहे, पण त्या घरात माझ्या नावावर एक खुंटी आहे. तुमच्यात काय ठेवायचं ते तुम्ही दोघं ठरवा. वीजबिल नको, ते आता मोबाईलवर कुणीही भरतं.

ते घरी असतील तेव्हा कट्ट्यावर जाणारच, अडवू नका. फक्त पोरीला बरोबर पाठवा. मी धाकटीला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून गंगावेशीत दूध प्यायला न्यायचो. माझे दोस्त तिला ओळखतात, ती त्यांना ओळखते, आणि आता मी घरी नसलो तर तिचं काही अडलं की ती त्यांनाच फोन करते. दाजींची दोस्ती घराच्या कामाला लावायची ती अशी.

तर आडवं येऊ नका, पण लाईन तुम्ही निवडा. दोन दिवसांच्या चक्राची असेल तर तीन महिने करून बघू द्या. लांबची असेल तर मी तुमच्या जागी मुलगी शाळेत रुळेपर्यंत थांबलो असतो. पिकअप कुठं पळून जात नाही. अठरा हजारांत ओढाताण होते हे कळतंय मला, तुम्ही ते लिहिलं नसलं तरी.

शेवटी तुम्ही विचारलंय की मुलगी त्यांनी थोपटल्याशिवाय झोपत नाही, तिचं काय करू. पहिले पंधरा दिवस रडेल. झोपायच्या वेळी व्हिडिओ कॉल करू नका, बापाला बघून पोरं उलट जागी होतात, आम्ही करून बघितलंय. नुसता आवाज ऐकवा, अंधारात, फोन उशाशी ठेवून. आणि आमच्यात जे चालायचं ते असं की गल्लीच्या तोंडाशी गाडी आली, मग रात्रीचे दोन असोत का तीन, मी दोनदा आखूड हॉर्न मारायचो आणि धाकटी झोपेतच कूस बदलायची. ती आता कॉलेजला जायला लागली, मी अजून मारतो. समोरचे काका खिडकी उघडून शिव्या देतात, आणि पाच मिनिटांनी खाली येऊन विचारतात, काय आणलंस रं गुजरातेतनं.